निकमकाका आणि त्यांची पॉइंटर जोडी

निकमकाका पहिल्यांदा माझ्या दवाखान्यात आले तेव्हा कुत्रीला बाहेर व्हॅनमध्येच ठेवून त्यांनी आधी मला तपासलं. भिंतीवरचं माझं पदवीचं प्रमाणपत्र चष्मा कपाळावर सरकवून अगदी जवळून वाचलं. फ्रिज उघडायला लावला. लाइट गेल्यावर लसीचं काय करता, लस बर्फातून येते, तो वाटेत वितळला तर तुम्हाला कसं कळतं, असं सगळं विचारून झाल्यावर म्हणाले, "ठीक आहे. बाटली माझ्यासमोर उघडा."

मी उघडली. त्यांनी ती उजेडात धरली, तारीख वाचली, एकदा हुंगलीसुद्धा. मग कुठे कुत्री आत आली.

ही नव्वद सालानंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतली गोष्ट. इंदिरानगरात तेव्हा बंगले कमी आणि गवत माजलेले मोकळे प्लॉट जास्त होते. एका गॅरेजमध्ये मी नुकताच जनावरांचा दवाखाना काढला होता. येणारी कुत्री बहुतेक पांढरी केसाळ पॉमेरियन, नाहीतर अल्सेशियन. ही तशी नव्हती. आखूड केसांचं पांढरं अंग, त्यावर काथ्या रंगाचे डाग, लांब तोंड, चाबकासारखी शेपटी. टेबलावर ठेवल्यावर ती हललीसुद्धा नाही.

"चंद्री," काका म्हणाले. "पॉइंटर आहे. पाखरू दाखवणारी जात."

"शिकारीची?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प सुई भरली.

काका एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कंट्रोल रूमला होते आणि नुकतेच निवृत्त झाले होते. उभ्या नोकरीत समोरच्या मीटरच्या काट्यांवर डोळा ठेवायचा, एवढंच काम. त्यातून त्यांनी एक धडा घेतला होता आणि तो ते सगळीकडे लावत. "एका काट्यावर कधी जायचं नाही, डॉक्टर. दुसरा बघायचा. आणि दोन्ही जुळले, तर दोन्ही एकदम बिघडलेत का तेही बघायचं." त्यांचं दुसरं एक वाक्य मी पुढे इतक्यांदा ऐकलं की मलाही सवय लागली: "ऐकलेलं अर्धं, बघितलेलं पाऊण. पूर्ण काही नसतं."

घराला कुलूप लावलं की ते ओढून बघत, कोपऱ्यापर्यंत जाऊन परत येत आणि पुन्हा ओढत. दूधवाल्याच्या मापात बोट घालून ते नखावरचा थेंब ओघळतो की थांबतो ते बघत. भाजीवाली त्यांना बघून हातगाडी पुढे ढकलायची. एकदा मी चहाला गेलो असताना काकूंनी हसत सांगितलं, "आमचं लग्न ठरलं ना, तेव्हा हे माझ्या शाळेत जाऊन आले होते. मी खरंच मॅट्रिक झाल्ये का ते विचारायला."

"मग?"

"मग काय, निघाले पास."

काका पेपरमागून म्हणाले, "हेडमास्तरांनी सांगितलं. मी रजिस्टर नाही बघितलं."

असा माणूस सगळ्यांवर संशय घेणार, तर सगळे त्याच्यावर घेणारच. आणि संशयाला जागाही होती. दर रविवारी पहाटे काकांची पांढरी व्हॅन घोटीच्या रस्त्याला लागायची. मागे चंद्री आणि तिची वर्षाची पोर सोनी, शिवाय एक झाकणाची वेताची टोपली, दोराचं भेंडोळं आणि एक पोतं. दुपारी परत आली की कुत्र्यांच्या अंगाला कुसळं आणि टोपलीत पिसं. शेजारी गायधनी म्हणून निवृत्त शिक्षक राहत. ते मला दवाखान्यात येऊन हळूच सांगून गेले, "हायवेच्या ढाब्यांना तितर पुरवतो तो. मी बोललो म्हणून सांगू नका."

मलाही शंका होती. एकदा सोनीचा कान तपासताना तिच्या ओठाला चिकटलेलं करडं पीस निघालं. मी ते चिमटीत धरून काकांपुढे केलं.

"कबुतराचं आहे," ते म्हणाले.

"कबुतर कशाला?"

"शिकवायला."

"काय शिकवायला?"

"थांबायला." आणि दार लोटून निघून गेले.

हळूहळू काकांकडून तुकड्या-तुकड्यांनी मिळालं ते असं. त्यांचे वडील देवळालीला एका पारशी गृहस्थांकडे कुत्री सांभाळायला होते. त्या काळी बंदुका होत्या, थंडीतल्या शिकारी होत्या. पुढे शिकारबंदीचा कायदा आला, बंदूक कपाटात गेली, आणि ते गृहस्थ देवळाली सोडून जाताना एक जोडी वडिलांना देऊन गेले. चंद्री त्याच वंशातली. वडिलांनी बंदुकीला कधी हात लावला नव्हता, पण कुत्री घडवायची विद्या त्यांच्याकडे होती. ती काकांकडे आली. शिकार गेली आणि शिकवणं राहिलं.

शिकवणं म्हणजे काय, तर पाखराचा वास आला की कुत्र्याने धावायचं नाही, भुंकायचं नाही. आहे त्या पावलावर थिजून उभं राहायचं, नाक पाखराकडे. याला काका 'पॉइंट धरणे' म्हणत. हे रक्तातच असतं, फारसं शिकवावं लागत नाही. अवघड ते पुढचं. दोन कुत्री बरोबर सोडली आणि एकीने पॉइंट धरला, तर दुसरीने लांबूनच तिला बघून तिथल्या तिथे थांबायचं. तिला वास आलेला नसतो. तरीही पहिलीचा मान ठेवायचा. हे जमलं नाही तर दुसरी पुढे घुसते, पाखरू उडतं आणि जोडी फुकट.

सोनी घुसायची. आई दिसली रे दिसली की आईच्या पुढे. म्हणून काकांनी प्लायवूडचा एक कुत्रा कापला. चंद्रीच्या मापाचा, पॉइंट धरलेला, एक पाय उचललेला, पांढऱ्या रंगावर काथ्या डाग. घरामागच्या मोकळ्या प्लॉटमध्ये गवतात तो उभा करायचा आणि सोनीला लांब दोरावर घेऊन वळसा घालत यायचं. लाकडी आई दिसताच सोनी थांबली तर टोपलीतलं कबुतर सोडायचं. नाही थांबली तर दोर ओढायचा आणि पुन्हा पहिल्यापासून.

आता सकाळी धुक्यात मोकळ्या प्लॉटमध्ये एक कुत्रा उभा आहे, तो हलत नाही, भुंकत नाही, आणि त्याच्यापुढे एक माणूस कबुतरं सोडतोय, हे बघून कॉलनीने काय समजायचं? करणी. दुसरं काय? काही दिवसांनी कुणीतरी त्या प्लायवूडच्या गळ्यात लिंबू-मिरच्या बांधल्या. काकांनी त्या सोडवल्या, दोरा तपासला आणि सरळ गायधन्यांच्या दारात उभे राहिले. "सर, तुमच्या घरातला शिवणाचा डबा जरा दाखवता?" गायधन्यांनी दार आपटलं. पुढे कित्येक वर्षं दोन घरं बोलली नाहीत. काका मला म्हणाले, "काळा दोरा होता. यांच्याकडे काळा दोरा असणारच." मी म्हटलं, काळा दोरा माझ्याकडेही आहे. त्यावर त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं.

त्याच हिवाळ्यात मी एका रविवारी त्यांच्याबरोबर गेलो. काकांना विचारलं तर "या" म्हणाले, पण का यायचंय ते विचारायला विसरले नाहीत. मी खरं ते सांगितलं: "लोक म्हणतात तुम्ही तितर मारता. मला बघायचंय." ते पहिल्यांदा माझ्यावर खूश झाल्यासारखे वाटले. "ही पद्धत बरोबर आहे," म्हणाले.

घोटीच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी हिरामणचं घर होतं. चाळिशीचा, सडसडीत माणूस. खाली त्याची भाताची खाचरं, वर गवताचा उतरता माळ. भात कापून झालेलं. त्याच्या मालकीच्या त्या माळावर काका कुत्री फिरवायचे, आणि हिरामण दोराचं भेंडोळं खांद्यावर टाकून मागे चालायचा. आधी त्याच्याकडे कोरा चहा. काका तो चहा न हुंगता प्यायले, हे मी टिपलं.

उन्हं गवतावर आली तशा काकांनी दोघी सोडल्या. दोघी आडव्या-तिडव्या पळत होत्या, एकमेकींचा रस्ता कापत. एकाएकी चंद्री वळता वळता थांबली. अंग धनुष्यासारखं ताणलेलं, पुढचा एक पाय अधांतरी. सोनी डावीकडे बरीच लांब, वाऱ्याच्या उलट बाजूला. ती भरधाव येत होती. आई दिसली आणि ती गवतात जवळजवळ घसरून उभी राहिली. तीही तशीच ताणलेली, पण नाक पाखराकडे नव्हतं. आईकडे होतं.

काकांनी हळूच माझा दंड धरला. "तिला काही कळलेलं नाही. वारा तिकडे नाही. काही म्हणजे काही कळलेलं नाही तिला."

मग ते पुढे गेले आणि दोन्ही हातांनी टाळी वाजवली. गवतातून फर्रकन तितरांची जोडी उठली, माळ ओलांडून खाली गेली. दोघी जागच्या हलल्या नाहीत.

"आता?" मी विचारलं.

"आता काय? झालं."

"एवढंच?"

हिरामण मागून हसला. "मीबी त्येच इचारतो सायबाला. एवढंच?"

नाशिकला परत येताना मला खात्री होती की हा माणूस तितर मारत नाही. पण पोतं कशाला, ते राहिलंच होतं. विचारलं. "कुत्र्यांना बसायला," काका म्हणाले. "सीट खराब होते."

पुढच्या वर्षी चंद्री खोटं बोलायला लागली.

म्हणजे काकांच्या भाषेत. ती पॉइंट धरायची, सोनी मागे थांबायची, काका टाळी वाजवायचे आणि काहीच उडायचं नाही. एकदा झालं तर ठीक, पाखरू पायी पळून जातं. पण हे दर रविवारी व्हायला लागलं. काका तिला घेऊन माझ्याकडे आले. "नाक तपासा. वास गेलाय का ते सांगा." मी टॉर्चने बघितलं, रक्त तपासलं, लपवलेला मांसाचा तुकडा शोधायला लावला. तिने तो क्षणात शोधला. म्हटलं, नाक उत्तम आहे.

"मग डोकं फिरलंय," काका म्हणाले. "म्हातारी कुत्री कधीकधी खोटे पॉइंट धरतात. वडील सांगायचे. कौतुक होतं ना, त्याची चटक लागते." माझ्यावर त्यांचा विश्वास बसला नव्हता, जाताना माझी टॉर्चही पेटवून बघितली.

त्यांना काळजी सोनीची होती. इतक्या कष्टाने तिला आईवर भरवसा ठेवायला शिकवलं, आणि आईच खोटी निघाली तर पोर काय शिकणार? त्यांनी चंद्रीला रागवायला सुरुवात केली. पॉइंट धरला की समोर न बघताच कॉलर धरून ओढून न्यायचं, सोनीला शिट्टी मारून बोलवायचं. काकू मला म्हणाल्या, "रविवारी घरी आले की ती कुत्री जेवत नाही हो. कोपऱ्यात तोंड घालून बसते. ह्यांना सांगा काहीतरी."

मी सांगणार काय? पुन्हा एका रविवारी बरोबर गेलो.

माळाच्या वरच्या टोकाला करवंदीच्या जाळ्या होत्या. तिथे चंद्रीने पॉइंट धरला. सोनी खालच्या बाजूला थांबली. काकांनी टाळी वाजवली. काही नाही. पुन्हा वाजवली. "बघा," ते मला म्हणाले, "बघा, डॉक्टर, तुमचं उत्तम नाक." त्यांनी शिट्टी मारली. चंद्री हलली नाही. सोनीला शिट्टी मारली. काकांची शिट्टी सोनीने आजवर कधी मोडली नव्हती. तिने एकदा मान वळवून काकांकडे बघितलं आणि पुन्हा आईकडे नाक केलं.

काका संतापले. तरातरा जाऊन त्यांनी चंद्रीची कॉलर धरली, ओढायला वाकले आणि तसेच गुडघ्यावर बसले. बराच वेळ उठले नाहीत. मी जवळ गेलो. करवंदीच्या बुडाशी, दोन खुंट्यांना बांधलेल्या दोरीवर घोड्याच्या शेपटीच्या केसांचे फास ओळीने लावलेले होते. त्यातल्या एकात तितर. जिवंत. पाय अडकलेला, अंग जमिनीला चिकटवलेलं, डोळा आमच्याकडे. ते उडणार कुठून?

काकांनी फास सोडवला. पाखराच्या पायाला काचलं होतं, हाड शाबूत होतं. ते त्यांनी रिकाम्या टोपलीत ठेवलं. फास उपटून खिशात कोंबले. मग चंद्रीच्या तोंडाला दोन्ही हात लावले आणि काहीतरी म्हणाले. मला ऐकू आलं नाही. ऐकायचं नव्हतंच ते.

हिरामण दोर घेऊन खाली उभा होता. काका उतरले ते थेट त्याच्यासमोर. शिवणाचा डबा मागणारा माणूस इथे काय मागेल कोण जाणे.

"हिरामण, हे कुणी लावले?"

हिरामणने एकदा खिशातून लोंबणाऱ्या केसांकडे बघितलं. "मीच लावले, सायेब."

"कधीपासून?"

"भात झाल्यापून. तुमची कुत्री दावतात ना पाखरं कुठं बसत्यात. तुमी गेलं की मी तितंच लावतो." तो घाबरला नव्हता. "पोरीला कालवण होतं. तुमी नुसतं उडिवता. आमी खातो. तुमास्नी राग आला तर येऊ द्या, पर खोटं नाय बोलणार."

काकांनी कुत्र्यांना शिट्टी मारली. आम्ही तिघं तसेच व्हॅनकडे चालत गेलो. आणि व्हॅनला टेकून जंगलखात्याचा गार्ड उभा होता. कुणीतरी अर्ज केला होता: नाशिकचा माणूस शिकारी कुत्री घेऊन येतो, पाखरं नेतो. अर्ज कुणी केला ते त्याने सांगितलं नाही; काकांच्या मनात कोण आलं असेल, ते मला कळलं.

गार्डने टोपली उघडली. तितर. खिसा दाखवा म्हणाला. फास.

"झालं की," तो म्हणाला. "आता काय बोलणार?"

"पाखरू फासात होतं. मी सोडवलं," काका म्हणाले. "हे डॉक्टर आहेत, जनावरांचे. पायाला बघणार होते." गार्डने मलाही आपादमस्तक बघितलं, मी जनावरांचा डॉक्टर दिसत नसेन बहुधा.

"फास लावले कुणी?"

हिरामण दोन पावलांवर उभा होता. त्याच्या खांद्यावरचा दोर घसरून कोपरावर आला होता, तो त्याने वर घेतला नाही. त्याच्या दारात एक पोरगी कडेवर भाऊ घेऊन उभी होती.

काका शांतपणे म्हणाले, "लावताना मी कुणाला बघितलं नाही."

"संशय कुणावर?"

"संशय माझा सगळ्यांवर असतो. तो लिहून काय करणार? माझ्या खिशात सापडले, एवढं लिहा."

गार्डने ते लिहिलं. वर म्हणाला, कुत्री लावून पाखरू उठवणं हासुद्धा गुन्हाच आहे. काका म्हणाले, "तेही लिहा. ते खरं आहे." तितर आमच्यासमोरच सोडलं. ते लंगडत गवतात शिरलं.

परतताना घोटी मागे पडली. मग मीच म्हटलं, "काका, तो समोर होता. त्याने कबूल केलं होतं."

"म्हणून तर," ते म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा: "विचारलं आणि सांगितलं. एका दमात. माझ्याशी असं कुणी बोलत नाही हो, डॉक्टर. मी बोलूच देत नाही."

जंगलखात्याच्या कचेरीत त्यांना बरेच हेलपाटे घालावे लागले. शेवटी त्या भागात कुत्री नेणार नाही, असं लिहून देऊन सुटले. कॉलनीला हवं ते मिळालं होतं: निकम पकडला गेला. काकूंना भाजीच्या गाडीवर दोन बायकांनी तोंडावर विचारलं. काकूंनी काकांना म्हटलं, खरं काय ते सांगून टाका ना. ते म्हणाले, "लोकांनी बघितलंय का? नाही. मग अर्धंच आहे ते त्यांच्याकडे. राहू दे अर्धं."

दुसऱ्या वर्षी भात निघाल्यावर हिरामण एसटीने इंदिरानगरात आला, डोक्यावर नव्या तांदळाची गोणी. मी योगायोगाने तिथे होतो. काकांनी दारातच मूठभर तांदूळ तळहातावर घेतला, उजेडात धरला, बोटाने पसरून खडे बघितले. हिरामण खो खो हसला. काकाही हसले. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच बघत होतो. हसताना ते अगदी निराळे दिसत. मग दोघं आत गेले आणि काकूंनी त्याला जेवायला बसवलं.

चंद्री पुढे म्हातारपणाने गेली. शेवटचं इंजेक्शन मीच दिलं. काका बाजूला बसले होते. मी सवयीने बाटली त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती बघितली नाही.

त्यानंतर माझा दवाखाना नाशिक रोडला गेला आणि भेटी कमी झाल्या. दोन हजारनंतरच्या त्या वर्षांत इंदिरानगर ओळखू येईनासं झालं. प्लॉट भरले, इमारती चढल्या. एका सकाळी मी रिक्षाने त्या बाजूला चाललो होतो. दोन इमारतींच्या मध्ये एक शेवटचा मोकळा तुकडा उरला होता, वाळूचा ढीग आणि त्यामागे कमरेएवढं गवत. रस्त्याच्या ऐन मधोमध सोनी उभी होती. तोंड पांढरं झालेलं, पाठ वाकलेली, पण पुढचा पाय वर आणि नाक त्या गवताकडे. तिच्या मागे, काही अंतरावर, काका. खूप थकलेले. ते पुढे गेले नाहीत, टाळीही वाजवली नाही. दोन्ही हात बाजूला सोडून, श्वास धरल्यासारखे उभे होते.

रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला. काकांनी वळून न बघता हात वर केला: थांब.

"ओ बाबा, काय हाय तिथं?" रिक्षावाला ओरडला.

"मला काय माहीत," काका म्हणाले. "तिला माहीत."

रिक्षावाल्याने माझ्याकडे बघितलं. मी काकांकडे बघत होतो. त्याने मग इंजिन बंद केलं.